ई-२० पेट्रोल आणि आपली जुनी गाडी : घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

"पेट्रोल में कुछ तो मिला रै, गाडी अ‍ॅव्हरेज नै दे री." रोशन गेट असो, जिन्सी असो की शहागंज, सध्या कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बाटलीत पेट्रोल आणि पाणी वेगवेगळं झालेलं दाखवणारे व्हिडिओ फिरतायत. कोणी म्हणतं इंजिन सहा महिन्यांत बसणार, कोणी म्हणतं विमा मिळणार नाही. दुसरीकडे सरकार म्हणतं की काहीच होत नाही.

खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते समजून घेणं आपल्या घरांसाठी गरजेचं आहे. आपल्या मोहल्ल्यांत वीस-बावीस वर्षं जुनी हिरो होंडा, बजाजची एखादी जुनी गाडी किंवा पहिल्या पिढीतली अ‍ॅक्टिव्हा अजून रोज धावते. तिच्यावर पाव-खारीची फेरी होते, प्लंबर आणि वेल्डर कामाला जातात, मुलींना कॉलेजला सोडलं जातं. नवी मोटारसायकल आता लाखाच्या घरात गेली आहे. त्यामुळे जुनी गाडी चालती ठेवणं हा अनेक घरांसाठी रोजीचा मसला आहे. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी सोप्या भाषेत मांडतो आहोत: पेट्रोलमध्ये नेमकं काय मिसळलं जातं, त्याचा जुन्या इंजिनवर काय परिणाम होतो, आणि कमी खर्चात काय करता येतं.

ई-२० म्हणजे काय?

ई म्हणजे इथेनॉल आणि २० म्हणजे वीस टक्के. पंपावर एक लिटर पेट्रोल घेतलं तर त्यात साधारण ८०० मिलिलिटर पेट्रोल आणि २०० मिलिलिटरपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हा अल्कोहोलचा एक प्रकार. आपल्या देशात तो उसाची मळी, उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासून बनतो. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीच्या शेतांत जो मका पिकतो, तसाच मका आज देशभरातल्या इथेनॉल कारखान्यांचा मोठा कच्चा माल आहे.

ही गोष्ट एका रात्रीत आलेली नाही. २००१ मध्ये देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग तीन ठिकाणी झाला. त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रात होती, मिरज आणि मनमाड. मराठवाडा-खानदेशातल्या पंपांना पेट्रोल पुरवणारे मोठे डेपो मनमाडजवळ पानेवाडीला आहेत, म्हणजे प्रयोगाची सुरुवात आपल्या शेजारीच झाली होती. जानेवारी २००३ मध्ये काही राज्यांत कार्यक्रम सुरू झाला, पण बरीच वर्षं प्रमाण नाममात्र राहिलं. २०१३-१४ मध्ये ते जेमतेम दीड टक्का होतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० साठी ठेवलं होतं. ते २०२२ मध्ये अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं गेलं. जून २०२२ मध्ये १० टक्के पूर्ण झालं, ६ फेब्रुवारी २०२३ ला ई-२० ची विक्री काही पंपांवर सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला.

वेग इथे महत्त्वाचा आहे. तीन वर्षांत इथेनॉल १० वरून २० टक्क्यांवर गेलं, पण रस्त्यावरच्या गाड्या त्या वेगाने बदलल्या नाहीत. केंद्र सरकारच्या निती आयोगाने जून २०२१ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच लिहिलं आहे की त्या काळी बनणाऱ्या गाड्यांची इंजिनं ५ टक्के इथेनॉलसाठी जुळवलेली आणि रबर-प्लास्टिकचे भाग १० टक्क्यांपर्यंत टिकणारे होते. २० टक्के इथेनॉल सहन करणारं साहित्य नव्या गाड्यांत येऊ लागलं ते एप्रिल २०२३ पासून. म्हणजे त्याआधीची गाडी या इंधनासाठी बनवलेली नाही, एवढं तर स्पष्ट आहे. आता प्रश्न उरतो की नुकसान किती आणि कुठे.

अ‍ॅव्हरेज किती कमी होतं? हिशोब करून पाहू

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर इथेनॉलमधून मिळते सुमारे २१. म्हणजे इथेनॉलमध्ये ताकद एक-तृतीयांशाने कमी. आता वीस टक्के मिसळल्यावर काय होतं ते पाहा. पेट्रोलच्या ८० टक्क्यांची २५.६ आणि इथेनॉलच्या २० टक्क्यांची ४.२, मिळून २९.८ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा साधारण ७ टक्क्यांनी कमी झाली. पण आपण आधीच काही वर्षं १० टक्केवालं पेट्रोल वापरत होतो, त्यात साडेतीन टक्क्यांची घट झालेलीच होती. म्हणजे दहावरून वीसवर आल्यामुळे आणखी घट झाली ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

निती आयोगाचा २०२१ चा अंदाजही याच्याशी जुळतो. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट, असं त्यात म्हटलं आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या निवेदनातही ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घट मान्य केली आहे.

हे खिशाच्या भाषेत बघू. तुमची गाडी लिटरला ५० देत होती आणि महिन्याला १,००० किलोमीटर चालते, म्हणजे २० लिटर लागत होतं. ४ टक्के घट झाली तर अ‍ॅव्हरेज ४८ वर येतं आणि पेट्रोल २०.८ लिटर लागतं. ६ टक्के झाली तर ४७ वर येतं आणि २१.३ लिटर लागतं. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर महिन्याला ८५ ते १३५ रुपये जास्त. वर्षाचे हजार ते सोळाशे. मोठ्या पगाराच्या माणसाला हे काही नाही. पण दिवसाला चारशे-पाचशे कमावणाऱ्याची यात दोन-तीन दिवसांची मजुरी जाते.

या हिशोबातून दुसरीही एक गोष्ट कळते. कोणी म्हणत असेल की पन्नासची गाडी पस्तीसवर आली, तर ती ३० टक्के घट झाली. एवढी घट एकट्या इथेनॉलच्या कमी ऊर्जेमुळे होऊच शकत नाही. तिथे दुसरं काही बिघडलं आहे: कार्बोरेटरमध्ये कचरा, जाम ब्रेक, टायरमध्ये कमी हवा, घाण झालेला एअर फिल्टर, खराब प्लग किंवा कुठेतरी गळती. सगळा दोष पेट्रोलवर टाकून बसलात तर खरा बिघाड तसाच राहील आणि पैसा जात राहील.

जुन्या इंजिनची खरी अडचण: हवा आणि इंधनाचं प्रमाण

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला साधारण ९ किलो पुरते, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे मिश्रणाला हवा कमी लागते आणि त्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आहे. सायलेन्सरकडच्या बाजूला असलेला ऑक्सिजन सेन्सर जळणाचा अंदाज घेतो आणि गाडीचा छोटा संगणक एका मर्यादेपर्यंत इंधन कमी-जास्त करतो. जुन्या गाडीतल्या कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याच्या जेटचं भोक ठरलेलं असतं. काल जेवढं इंधन जात होतं तेवढंच आजही जातं, हवाही तेवढीच येते, पण इंधन बदललेलं असतं. मग मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त होते. आपले मिस्त्री याला "लीन चल री" म्हणतात.

याची लक्षणं ओळखता येतात. सकाळी गाडी उशिरा सुरू होते, चोक जास्त वेळ ठेवावा लागतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की क्षणभर अडखळते. चढाला, म्हणजे दौलताबादच्या घाटात दोघं बसून निघालात की दम कमी वाटतो. सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी पार करतो, तेव्हा हे तापणं दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. बऱ्याच जुन्या गाड्या मुळात थोड्या जास्त इंधनावर जुळवलेल्या असतात, म्हणून त्यांना हा फरक जाणवतही नाही. प्रत्येक गाडीचा अनुभव वेगळा असण्याचं हे एक कारण.

रबर, टाकी आणि जुना कचरा

दुसरा परिणाम हळूहळू होतो. इथेनॉल हे द्रावक आहे. जुन्या प्रकारच्या रबराला ते फुगवतं, मऊ करतं किंवा कडक करून तडे पाडतं. पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, कॉकचे वॉशर, टाकीच्या झाकणाचं पॅकिंग, हे सगळे भाग याच यादीत येतात. नव्या गाड्यांत वेगळ्या, इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे भाग असतात. मंत्रालयाच्या निवेदनातही म्हटलं आहे की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि हा खर्च फार नाही. खर्च फार नसेल, पण तो करायचा आहे मालकालाच.

तिसरी गोष्ट गंज आणि कचरा. पंधरा-वीस वर्षांच्या टाकीत तळाला गंजाची आणि चिकट गाळाची पापडी बसलेली असते. इथेनॉल ती सोडवतं. सुटलेला कचरा फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत त्रास सुरुवातीच्या काही महिन्यांत होतो आणि टाकी व कार्बोरेटर नीट साफ झाल्यावर कमी होतो.

सरकारच्या निवेदनात एक दाखला दिला आहे. कार्बोरेटर आणि इंजेक्शनच्या गाड्या पहिल्या एक लाख किलोमीटरपर्यंत, दर दहा हजाराला तपासल्या आणि ताकद किंवा इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणीवर शंका घेण्याचं आम्हाला कारण नाही. पण "पहिले एक लाख" हे शब्द नीट वाचा. आपल्या मोहल्ल्यातली गाडी दोन लाख फिरलेली असते, तिचा पाइप दहा वर्षांत बदललेला नसतो, टाकीला आतून गंज असतो. नव्या गाडीच्या चाचणीचा निकाल अशा गाडीला जसाच्या तसा लावता येत नाही. इथे देखभालच कामाला येते.

"पेट्रोलमध्ये पाणी" वाल्या व्हिडिओचं विज्ञान

व्हिडिओत बाटलीत पेट्रोल घेतात, थोडं पाणी टाकतात, हलवतात आणि खालचा थर वाढलेला दाखवून म्हणतात, "बघा, पाणी निघालं." प्रत्यक्षात इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त जवळचं. पाणी मिळताच इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा वाढलेला थर म्हणजे तुम्ही टाकलेलं पाणी आणि त्यात उतरलेलं इथेनॉल. भेसळीचा तो पुरावा नव्हे. आणि हा प्रयोग घरी करू नका, पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच बघत असते.

मात्र याच गुणाचा एक धोका खरा आहे. टाकीत बाहेरून पाणी शिरलं, तर थोडं पाणी इथेनॉल शोषून घेतं आणि गाडी चालत राहते. मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. पाइप तळातूनच इंधन घेतो, त्यामुळे इंजिनला पेट्रोलऐवजी तेच मिळतं आणि गाडी बंद पडते. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये हे जास्त महागात पडतं. ऑइल पेट्रोलसोबत वर राहतं, तळाच्या थरात ते जवळपास नसतं, मग पिस्टन कोरडा चालून जाम होऊ शकतो.

पावसाळ्यात पाणी शिरण्याच्या जागा दोनच: टाकीच्या झाकणाचं खराब पॅकिंग आणि झाकणाभोवतीचं पाणी निघून जाण्याचं बुजलेलं बारीक छिद्र. दोन्हीची तपासणी फुकट होते.

आता काय करायचं?

पहिलं काम, गाडीचं वय आणि प्रकार ओळखा. आरसी बुकावर बनवल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर फारशी चिंता नाही. एप्रिल २०२० ते मार्च २०२३ मधली असेल तर इंजिन बरंच सांभाळून घेतं, रबराच्या भागांवर नजर ठेवा आणि मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळ ई-१० की ई-२० लिहिलं आहे ते बघा. त्याआधीची, कार्बोरेटरवाली असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दुसरं, पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर बदला. पाइप बोटांत दाबून बघा. चिकट, फुगलेला, कडक किंवा तडे गेलेला असेल तर वाट बघू नका. दुकानात "इथेनॉल चालणारा पाइप द्या" असं स्पष्ट सांगा आणि चांगल्या कंपनीचा घ्या. गाडीखाली थेंब दिसले किंवा घरात पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा. गल्लीबोळातल्या घरांत गाडी रात्री जिन्याखाली किंवा ओसरीत उभी असते, शेजारी स्वयंपाकघर असतं. तिथे गळती म्हणजे आगीला आमंत्रण. या सगळ्या विषयातला सर्वात गंभीर धोका आमच्या मते हाच आहे.

तिसरं, एकदा टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण साफ करून घ्या. सोबत ओ-रिंगा आणि फ्लोटची सुई बदला. कार्बोरेटरचं दुरुस्ती किट नव्या इंजिनच्या कामापुढे अगदी स्वस्त पडतं.

चौथं, मिश्रण जुळवून घ्या. जाणकार मिस्त्री प्लग काढून रंग बघतो. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर इंधन कमी, काळाकुट्ट असेल तर जास्त. गरज पडली तर एअर स्क्रू फिरवून किंवा एक नंबर मोठा जेट टाकून जमतं. तार किंवा ड्रिल घालून जुन्या जेटचं भोक मोठं करू देऊ नका. त्याचं प्रमाण कधीच नीट येत नाही.

पाचवं, पेट्रोल फार दिवस पडू देऊ नका. रोज चालणाऱ्या गाडीला पाण्याचा आणि गंजाचा त्रास कमी होतो. उमराहला, गावाला किंवा आखाती देशात कामाला जाणार असाल आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. लोखंडी टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवा, आत दमट हवेला जागा कमी मिळते. घरातल्या कोणाला आठवड्यातून एकदा गाडी चालवायला सांगितलं तर सर्वांत उत्तम.

सहावं, अ‍ॅव्हरेज मोजून बघा, अंदाजाने बोलू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, मीटरचा आकडा लिहा. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तेवढीच भरा. जितके किलोमीटर झाले त्याला जितके लिटर मावले त्याने भागा. असं तीनदा करा. हे काम आठवी-नववीच्या मुलाला द्या, भागाकाराचा सराव होईल आणि घरात खरा आकडाही येईल.

काय करू नये तेही सांगतो. पेट्रोलमध्ये रॉकेल किंवा थिनर टाकू नका. "इथेनॉल मारणारं" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका. एकदा मिसळलेलं इथेनॉल कोणतंही औषध नाहीसं करू शकत नाही. आणि प्रीमियम पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, असं समजू नका. पंपावर विचारल्याशिवाय जास्तीचे पैसे देऊ नका.

काही प्रश्न, जे नेहमी विचारले जातात

विमा जाईल का? नाही. ई-२० वापरल्यामुळे विमा रद्द होतो ही अफवा आहे, मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती स्पष्ट शब्दांत खोडून काढली.

जुनं पेट्रोल मागता येईल का? साध्या पंपावर आता नाही. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय ठेवावा अशी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही? कारण इथेनॉल स्वस्त नाही. मक्यापासूनच्या इथेनॉलचा सरकारी खरेदी भाव लिटरला ७१.८६ रुपये आहे. सरकारच्या आकड्यानुसार जुलै २०२५ अखेर वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खर्च ७१.३२ रुपये पडत होता. पण ऊर्जा कमी मिळते म्हणून ग्राहकाला करात सवलत देण्याचा विचार व्हावा, असं निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच सुचवलं होतं. त्या सुचनेचं काय झालं, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

काही फायदा आहे की नाही? आहे. इथेनॉलमुळे जळण स्वच्छ होतं. त्याच आराखड्यानुसार ई-२० मुळे दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने आणि चारचाकींचा ३० टक्क्यांनी कमी होतो. सिटी चौकच्या गर्दीत उभं राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसासाठी ही चांगली बातमी आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने इंजिनचं नॉकिंगही कमी होतं. देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, त्यात बचत होते, आणि मका-ऊस पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. मात्र उसाची दुसरी बाजूही आहे. उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं तोच आराखडा सांगतो. २०१६ मध्ये ज्या मराठवाड्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्याने हा आकडा विसरू नये.

हे अल्कोहोल आहे, मग कपड्यांना लागलं तर? गाडीसाठीचं इथेनॉल पाणी काढून टाकलेलं असतं आणि ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं, एवढं विज्ञान आम्ही सांगू शकतो. पाकी-नापाकीचा मसला मात्र आपल्या आलिमांना विचारावा.

इतर देशांनी काय केलं?

ब्राझीलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल आहे आणि गाड्या चालतात. खरं आहे. पण ब्राझीलने हा रस्ता १९७५ मध्ये धरला आणि २००३ पासून तिथे कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. तिथल्या कारखान्यांना आणि गिऱ्हाइकांना पन्नास वर्षं मिळाली. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्केवालं पेट्रोल सोबत चालू ठेवलं. अमेरिकेत १५ टक्केवालं पेट्रोल २००१ च्या आधीच्या मोटारींत आणि कोणत्याही मोटारसायकलीत वापरायला परवानगी नाही, पंपावर तसं लेबल असतं.

आपल्याकडे निदान लेबल तरी स्पष्ट हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्याला मालाची गुणवत्ता आणि प्रमाण जाणून घेण्याचा हक्क देतो. पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहा, असं शांतपणे सांगा. शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची नोंद आणि पाच लिटरचं माप मागा. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी नाही ना, हे विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर तक्रार वहीत लिहा, पावती जपून ठेवा.

आणि एक काम आपल्या हातातलं. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार चांगले मिस्त्री असतात, आयटीआय केलेली मुलं असतात. वाळूजच्या बजाज कारखान्यातून १९८५ पासून दुचाक्या बाहेर पडतायत, त्या औद्योगिक पट्ट्यात काम केलेले अनेक जण आपल्या घराघरांत आहेत. पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी मैदानात किंवा शाळेच्या आवारात हे लोक बसले, आणि फक्त पाइप, झाकणाचं पॅकिंग आणि गळती एवढंच फुकट तपासलं, तरी किती तरी गाड्या रस्त्यात बंद पडायच्या आणि किती तरी घरं आगीच्या धोक्यातून वाचतील. ज्याची फेरी त्या गाडीवर चालते, त्याच्यासाठी ही छोटी मदत नाही.